दुसरं काई दिसते का?

मित्रांनो, मी एक जुना मायक्रोस्कोप आहे. तुमच्या पुस्तकात मला सूक्ष्मदर्शक म्हणतात. आपली कहाणी सांगणारे बहुतेक जण गोड बोलतात. मला ते जमणार नाही, कारण मी चिडलेलो आहे.

माझा जन्म अंबाल्याच्या कारखान्यातला. तिथून आगगाडीने आणि मग जीपने मी गडचिरोलीच्या जंगलातल्या एका सरकारी दवाखान्यात आलो. कोणाला ताप आला की बोट टोचायचं, तान्ह्या बाळाची टाच टोचायची, रक्ताचा थेंब काचेवर पसरून रंगवायचा आणि माझ्याखाली ठेवायचा. मग तपासनीस लहानूभाऊ माझ्यावर वाकत. मलेरियाचे जंतू दिसले की गोळ्या मिळत. किती तरी माणसं त्यामुळे उठून कामाला लागली. दसऱ्याला लहानूभाऊ मला कुंकू लावून झेंडूचं फूल वाहत, तेव्हा मी मनातून फुगून जाई.

पण एक गोष्ट सलत असे. मला दिसायचं पुष्कळ, आणि विचारायचे मात्र एकच: मलेरिया आहे की नाही?

१९९६ च्या हिवाळ्यात सोमारी बाळंतपणाला आली. आधीचे तिचे दोन मुलगे वर्ष पुरं व्हायच्या आत ताप-खोकल्याने गेले होते. आठ वर्षांची लेक निशा मात्र ठणठणीत. गाव सोमारीला ‘पोट्टे खाणारी’ म्हणे. म्हणून या वेळी ती मुद्दाम दवाखान्यात आली. पुन्हा मुलगाच झाला. तिसऱ्या दिवशी त्याचं अंग गरम लागलं म्हणून टाच टोचली, आणि ती काच माझ्याखाली आली.

मित्रांनो, रक्तात पांढऱ्या पेशी असतात, त्या शरीराच्या राखणदार. त्यांच्यातल्या लिम्फोसाइट नावाच्या पेशी तान्ह्या बाळात भरपूर हव्यात. इथे शोधून एखादी सापडत होती. राखण नसलेल्या शेतासारखं ते रक्त होतं.

"मलेरिया नाई, बाई. निगेटिव्ह आहे," लहानूभाऊ म्हणाले.

सोमारी जागची हलली नाही. "भाऊ, याचे दोन भाऊ गेले. रगत पाहूनच राह्यले, त दुसरं काई दिसते का तेबी पाहा ना."

"आमी इथी मलेरियाच पाहतो. घरी ने त्याले."

डॉक्टर शेजारीच सह्या करत होते. त्यांनी मान वर केली नाही. काच धुवायला गेली.

मला राग येतो तो इथे. थेंब काढलेला होता, काच रंगवलेली होती, खिडकीतून लख्ख उजेड येत होता. दोन मुलं गमावून त्या आईने नेमका प्रश्न विचारला होता. नुसत्या मोजणीने निदान होत नाही, पण शंका घ्यायला ती पुरते. वेळेत कळलं तर मोठ्या दवाखान्यात अशा बाळांना दुसऱ्याच्या हाडातला मगज देऊन वाचवता येतं. भावंडाचा जुळण्याची शक्यता सगळ्यात जास्त. निशा तर दारातच उभी होती.

पुढे निशाच्या तापासाठी सोमारी आली, ती रिकाम्या पदराने; तिसराही गेला होता. रांगेतल्या बायका तिच्यापासून सरकून बसल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

मग थेंबावरून मलेरिया सांगणारी पट्टी आली. लहानूभाऊ रिटायर झाले आणि मी काचेच्या दाराच्या कपाटात गेलो.

आज त्याच खोलीत निशा आली आहे. आता ती वीस वर्षांची आहे, मांडीवर तीन दिवसांचा मुलगा आहे. नर्सबाईंनी त्याची टाच टोचली, पट्टी पाहिली.

"निगेटिव्ह आहे. ने घरी."

"बाई, माह्ये तीन भाऊ गेले," निशा म्हणाली. "दुसरं काई दिसते का, पाहा ना."

नर्सबाई पुढच्या माणसाकडे वळल्या.

राखणदार नसण्याचा दोष ठणठणीत बहिणीकडूनही तिच्या मुलग्यात उतरू शकतो. त्या बाळाच्या रक्तात राखणदार आहेत की नाहीत, मला माहीत नाही. कोणालाच माहीत नाही, कारण कोणी बघितलेलं नाही. मित्रांनो, तुमच्यातलं कोणी डॉक्टर होईल, कोणी नर्स होईल. तेव्हा आईने विचारलेलं ऐका. पण ते पुढचं झालं. आत्ता कोणीतरी हे कपाट उघडा. किल्ली समोर खिळ्यालाच आहे. माझं भिंग मऊ कापडाने पुसलं की अजून स्वच्छ दिसतं.

निशा अजून बाकावरून उठलेली नाही.