हळदीचा कौल

त्या रविवारी डिलाईल रोडच्या आमच्या चाळीत पाय ठेवायला जागा नव्हती. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात लाठ्या खाऊन आलेली माणसं एका भस्मवाल्या भामट्यापुढे हात जोडून बसली होती. मी म्युनिसिपालिटीच्या शाळेतला मास्तर. माझं डोकंच फिरलं.

हा हेरंबबाबा म्हणे पोटातला रोग ओळखतो. दुखऱ्या जागी हळद फासायची, वर तांब्यातलं ‘तीर्थ’ ओतायचं. हळद पिवळी राहिली तर साधा ताप, तांबडी झाली तर कॅन्सर. शेजारच्या कोंडीरामच्या पोटावरून तांबडे ओघळ वाहिले आणि बायका रडायला लागल्या.

कोंडीराम कापडाच्या मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर, काम करणारा, पस्तिशीचा. तीन आठवडे ताप, उजव्या बरगडीखाली गाठ. परळच्या डॉक्टरीणबाईंनी मला स्पष्ट सांगितलं होतं, की यकृतात पू झालेला असो की कॅन्सर, हाताला दोन्ही सारखेच लागतात. सुई घालून बघावं लागेल, आणि पू असला तर तो फुटायच्या आत काढायला हवा. पण त्याची बायको कांता हटून बसलेली.

"सुई टोचली तर गाठ अंगभर पसरतली," ती म्हणाली. हेही बाबानेच पढवलेलं.

बाबा एकवीस दिवस अंगारा देणार होता. पथ्य एकच, घरात चुना नको. पान बंद, तंबाखू बंद. मासे चालतात, दारू चालते, आणि चुना तेवढा चालत नाही? तिथेच मला लबाडीचा वास आला.

मी पुढे घुसलो, पूजेच्या नारळाला हळद फासली आणि बाबाचा तांब्या हिसकावून वर ओतला. नारळ तांबडाभडक झाला.

"नारळालाही कॅन्सर झाला काय रे?" मी विचारलं.

बाबा शाप पुटपुटत राहिला. कांता मात्र नारळाकडे बघत होती. तिची आई गावी हळदीत चुना कालवून कुंकू करायची.

"ह्यां तर चुन्याचा पाणी," ती हळूच म्हणाली.

बाबाच्या झोळीत दुसरा तांब्या निघाला, साध्या पाण्याचा. एकवीस दिवसांनी तो ओतायचा, हळद पिवळीच राहणार, की रोग बरा!

संध्याकाळी इस्पितळात सुईतून भांडंभर चॉकलेटी पू निघाला. पंधरवडाभर इंजेक्शनं घेऊन कोंडीराम घरी आला. आता गॅलरीत बसून चुना लावून तंबाखू मळतो.

अहो, नारळालाही आजारी ठरवते ती कसली परीक्षा? कोणी कौल दिला, की आधी तो धडधाकट माणसावर लावून बघा, मग रडा.

आमच्या आधी याच बाबाकडे गेलेल्या घोडपदेवच्या गंगाधरची हळदही तांबडीच झाली होती. त्याला पू झाला होता की कॅन्सर, ते आता कोणालाच कळणार नाही. त्याने मरेपर्यंत पथ्य नीट पाळलं.