कडूबाईची राखण

धारूरच्या घाटाखाली, मोगलाईतल्या एका लहानशा जहागिरीत कडूबाई राहत होती. नवरा पटकीत गेला तेव्हा तिची दोन्ही पोरं लहान होती. डोंगरातलं सरपण तोडून, मोळ्या विकून तिनं त्यांना वाढवलं. थोरला धर्मराज अबोल होता. धाकटा बंकट कशालाही हसायचा.

ते साल फार वाईट होतं. पाऊस झालाच नाही. वस्तीवरची माणसं निवडुंगाची बोंडं भाजून खाऊ लागली, म्हातारी माणसं पडल्या जागी मरू लागली. जहागीरदार सुंदरराव देशमुखांच्या गढीमागची ज्वारीची जमिनीतली पेवं मात्र भरलेली होती. एका पहाटे धर्मराजनं आणि बंकटनं त्यातलं एक पेव फोडलं आणि पाट्या भरभरून घरोघर ज्वारी वाटली. वस्तीनं दारं लावून भाकरी खाल्ल्या. कडूबाईनंही खाल्ली.

जहागिरीच्या शिपायांनी दोघांना घाटात गाठून गोळ्या घातल्या. प्रेतं वस्तीवरून दिसतील अशी टेकडीच्या कातळावर टाकली आणि दवंडी पिटली, की त्यांना जो हात लावील त्याची गत तीच होईल.

कडूबाईनं रडून घेतलं. मग अंगणातलं गोणपाट झटकलं, खांद्यावर टाकलं आणि ती टेकडी चढली.

तिथं जाऊन काय करायचं, हे तिला आधीच ठाऊक होतं. बीडकडून साखराबाई नावाची एक ख्रिस्ती बाई वस्तीवर यायची. पोरांच्या दुखऱ्या डोळ्यांत औषध घालायची आणि बायकांना तिच्या शास्त्रातल्या गोष्टी सांगायची. मागच्या उन्हाळ्यात तिनं रिस्पाची गोष्ट सांगितली होती. रिस्पाच्या दोन मुलांना राजाच्या हुकमानं मारून डोंगरावर टाकलं. ती आई खडकावर गोणपाट पसरून बसली. सुगी सरली, पाऊस लागला, तरी तिनं दिवसा पाखरांना आणि रात्री रानातल्या जनावरांना प्रेतांजवळ येऊ दिलं नाही. अखेर राजाच्या कानावर गेलं आणि त्यानं हाडांना माती देवविली.

"तिला कुणी पानी दिलं का?" कडूबाईनं तेव्हा विचारलं होतं.

"तसं काही लिवलेलं न्हाई," साखराबाई म्हणाली होती.

आता कडूबाई कातळावर गोणपाट पसरून बसली. तिनं प्रेतांना हात लावला नाही, म्हणून खाली पहाऱ्यावरच्या शिपायांनी तिला हटकलं नाही. गिधाडं उतरली की ती काठी घेऊन धावायची. अंधार पडला की कोल्ह्यांवर धोंडे भिरकवायची. उन्हानं प्रेतं फुगली, मग फुटली. वासानं तिला ओकाऱ्या व्हायच्या. तोंड पुसून ती परत काठी उचलायची. खालून वस्ती सगळं बघत होती, पण वर कुणी आलं नाही. बातमी कळल्यावर साखराबाई तेवढी आली. शिपायांच्या देखत पाण्याचं मडकं घेऊन ती टेकडी चढली.

"कडूबाई, खाली चल. मरशील."

"तुज्या गोष्टीतला राजा ऐकतो म्हनलीस ना?"

साखराबाईचे डोळे भरून आले. "ती गोष्ट लई जुनी हाय बाई."

"देव तर तोच हाय ना? तुजा असू दे, न्हाई तर माजा. ऐकल तो."

त्या दिवसापासून साखराबाई वस्तीवरच राहून पाणी आणि भाकरतुकडा आणत राहिली.

एके दिवशी सुंदरराव स्वतः घोड्यावरून आले. नाकाला उपरणं लावून लांबूनच म्हणाले, "म्हातारे, गावाम्होरं कबूल कर. 'माझी पोरं चोर व्हती' म्हन. आन् ने मग त्यांना."

कडूबाईनं पोरांकडं पाहिलं. धर्मराजचा चेहरा आता ओळखू येत नव्हता. एवढं एक वाक्य बोललं की त्यांना माती मिळणार होती.

"मालक, पेव त्यांनी फोडलं," ती म्हणाली. "पन ज्वारी साऱ्या वस्तीनं खाल्ली. मी बी खाल्ली. मंग चोर एकट्या माज्या पोरांनाच कावून म्हनायचं?"

"मंग बस कुजत," म्हणून सुंदररावांनी घोडा वळवला.

ते गेल्यावर ती पहिल्यांदा मोठ्यानं ओरडली. ते एक वाक्य बोललं असतं तर काय बिघडलं असतं, म्हणून तिनं स्वतःच्याच तोंडात मारून घेतलं. साखराबाईनं तिचे हात धरले.

थंडी पडली तेव्हा नुसती हाडं उरली होती. मग जहागिरीचा कारकून टेकडीखाली आला आणि त्यानं वर हाक मारली, "ए बाई, उचल ते! जिल्ह्याच्या तालुकदारसाहेबांचा दौरा हाय, रस्ता इकडूनच जातो. आजच्या आज जागा साफ पायजे."

कडूबाईनं हाडं गोणपाटात गोळा केली. धर्मराजची कुठली आणि बंकटची कुठली, हे तिला कळेना. तिनं दोन कवट्या हातात घेऊन पाहिल्या, दातांवरून बोटं फिरवली, तरी कळेना. ओढ्याकाठी तिनं आणि साखराबाईनं मिळून एकच खड्डा खणला.

माती लोटून झाल्यावर साखराबाई हात जोडून म्हणाली, "ऐकलं बघ देवानं."

"देवानं?" कडूबाई म्हणाली. "साहेब दुसऱ्या रस्त्यानं गेला असता तर?"

साखराबाई मातीवर दगड रचू लागली.

कडूबाई घरी आली, पण पुन्हा मोळी आणायला गेली नाही. बायका तिच्या दाराशी भाकरी ठेवून जायच्या. कधी ती खायची, कधी कुत्री न्यायची. बोलायची फार थोडं. संक्रांतीच्या सुमारास एका सकाळी ती दारातच गेलेली दिसली.

तिला माती द्यायला भर दिवसा सगळी वस्ती गोळा झाली. बायकांनी छाती बडवून घेतली, पुरुषांनी तिरडी खांद्यावर घेतली. पोरांशेजारीच तिला पुरलं. गढीवरून कुणी अडवायला आलं नाही.