सोळा रिकामी घरं

ऑफिसात त्यांना सगळे मास्तरीणबाई म्हणत, अर्थात पाठीमागे. कोडची आत सरकलेली ओळ दर पायरीला चार स्पेस सोडूनच लिहायची, हा त्यांचा बारा वर्षांचा दंडक. कुणी तीनच सोडल्या की त्या शांतपणे विचारत, "चौथी कुठे सांडली?" कोड लिहायचा स्वतःचा एडिटर तर त्यांनी नव्या संसारासारखा मांडला होता: सायीच्या रंगाचा पडदा, टपोरी अक्षरं, आणि ओळ किती पायऱ्या आत आहे ते दाखवणाऱ्या बारीक उभ्या रेघा.

त्या सोमवारी शेजारच्या टेबलावर नवी मुलगी रुजू झाली. तिला दिसत नाही, हे बाईंना ठाऊक होतं. तरी दिवसभर तिचा स्क्रीन काळाठिक्कर पाहून त्यांना राहवेना.

"स्क्रीन लावत नाहीस?"

"कुणासाठी लावू?" ती हसली. "उगाच वीज कशाला जाळायची?"

तिच्या कीबोर्डपुढे फूटपट्टीएवढं एक यंत्र होतं. त्यावर ओळीने चाळीस घरं. कोडची ओळ बदलली की घराघरातून ब्रेलचे ठिपके वर यायचे, आणि तिची बोटं त्यांवरून झरझर फिरायची. बाईंचं निम्मं लक्ष आपल्या कामात, निम्मं त्या बोटांवर.

तिसऱ्या दिवशी तिनेच विषय काढला. "ताई, आपल्या फायलींत स्पेसऐवजी टॅब नाही का चालणार?"

"मी असेपर्यंत तरी नाही," बाई म्हणाल्या. मग कुतूहलाने विचारलं, "पण का गं?"

"हात द्या."

तिने बाईंचं बोट यंत्राच्या डाव्या टोकाला टेकवलं. बोट सरकू लागलं. सपाट. सपाट. पुन्हा सपाट. पार सोळा घरं ओलांडल्यावर पहिला ठिपका टोचला.

"ही ओळ चार पायऱ्या आत आहे. चाळिसातली सोळा घरं कोरी गेली. उरलेल्यांत ओळ मावत नाही, मग एकेक ओळ दोन तुकड्यांत वाचायची. टॅब म्हणजे अख्ख्या पायरीची एकच खूण, तिला एकच घर लागतं."

कोऱ्या जागेलाही जागा लागते, हे बाईंच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. त्यांनी एका फायलीची प्रत काढून ओळींच्या सुरुवातीच्या दर चार स्पेसचा एक टॅब केला. टॅबची रुंदी चार स्पेसएवढी ठेवली, तर पडद्यावर तसूभरही फरक नाही. दोन केली, तर ओळी दाटीवाटीने उभ्या राहिल्या. आठ केली, तर उजवीकडे पळत सुटल्या. चहा निवून गेला तरी त्यांचा खेळ संपेना.

"म्हणजे माझं काहीच जात नाही?"

"काही नाही. रुंदी ज्याची त्याने ठरवायची."

दुसऱ्या दिवशी बाईंनी नवा नियम सांगितला. त्यांच्याच हाताखाली तयार झालेला जुना सहकारी उसळला. "बाई, एका स्पेसपायी तुम्ही माझी अख्खी फाइल परत पाठवली होती!"

"पाठवली होती. चुकलेच मी."

हा शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकला नव्हता. तो जरा वरमला. "मी रुंदी आठ ठेवली तर?"

"सोळा ठेव, बाबा."

दुपारी मात्र बदललेली एक फाइल चालेचना. चौघांनी डोळे फाडून पाहिलं. ओळी अगदी एकाखाली एक. जुना सहकारी म्हणाला, "बघा, मी म्हणत होतो ना!" तेवढ्यात नव्या मुलीचं बोट एका ओळीवर थबकलं.

"एकशे बारावी ओळ. इथे टॅबऐवजी चार स्पेस राहून गेल्यात. अशी सरमिसळ कॉम्प्युटरला चालत नाही."

डोळ्यांना दोन्ही सारखंच दिसत होतं, बोटाला नाही. बाईंनी ती ओळ दुरुस्त केली आणि फाइल सुरळीत चालली. जुन्या सहकाऱ्याने खुर्ची ओढली आणि बोट पुढे केलं. "मलाही दाखव."

त्याचं झाल्यावर मुलगी बाईंकडे वळली. "आता तुमची पाळी. तुमचा पडदा कसा आहे? मला सातव्या वर्षापर्यंत दिसायचं. रंग सांगितलेत तर कळतील."

बाईंनी खुर्ची जवळ घेतली आणि सायीच्या रंगापासून सुरुवात केली.