घंटेच्या आधी

मिसेस प्रुइट खरंच येतील असं इमिल कोवारिकला स्वप्नातही वाटलं नव्हतं. त्याने आपलं नाताळच्या कार्डावर सहज खरडलं होतं, की आमचं युद्धातलं जहाज आता न्यूयॉर्कला आहे, पांढराशुभ्र रंग लावून हौशी प्रवाशांना मॅनहॅटनभोवती फिरवतं. झालं! मे महिन्यात बाई केंटकीच्या डोंगरातून दोन दिवस बसचे हाल सोसून धक्क्यावर हजर. अंगात चर्चला जायचा निळा ड्रेस, काखेत पर्स, हातात जेवणाचा डबा.

"हेच का ते? आमचा डेल्मर पत्रात लिहायचा, चपलांच्या खोक्यासारखं दिसतं म्हणून," त्या म्हणाल्या. "खोटं नव्हता बोलत."

"तळ सपाट होता ना. वाळूवर चढवायला लागायचं."

"आणि तू कुठे असायचास?"

"मागे."

"मग मागेच बसू."

बोट सुटली. कर्ण्यावरचा माणूस सुरू झाला, "मंडळी, या बोटीने युद्धात शत्रू पाहिलाय आणि आता रोज तुम्हाला पाहते. जास्त भयंकर कोण, ते तिलाच विचारा!" लोक खिदळले. इमिलला हसू आलं नाही. जिथे तो बसला होता, तिथेच युद्धात नांगराचं यंत्र असायचं, त्याचं यंत्र. ते कापून काढल्याचा वळ बाकाखालच्या पोलादावर अजून दिसत होता.

काम तसं साधं होतं. किनारा जवळ आला की मागे नांगर टाकायचा आणि तार सोडत जहाजाचं नाक वाळूत घुसवायचं. सैनिक उतरले की घंटा व्हायची. मग यंत्राने तार गुंडाळत जहाज मागे ओढून घ्यायचं. पुढे काय चाललंय ते इमिलला तिथून दिसत नसे. पुढे असायचा डेल्मर प्रुइट. सगळ्यांच्या आधी तो जहाजाच्या दोराचं टोक कमरेला बांधून पाण्यात उतरायचा, किनाऱ्यावर दोर ताणून धरायचा, आणि ओझ्याने वाकलेले सैनिक त्या दोराच्या आधाराने पार व्हायचे. सगळ्यांत शेवटी परत चढायचा तोही डेल्मरच. त्यानंतर घंटा.

मिसेस प्रुइटनी पर्समधून दोन टंकलिखित कागद काढले. जहाजाची कामगिरी, सरकारकडून तीन पत्रं लिहून मागवलेली.

"वाच जरा. उन्हात माझ्या चष्म्यातून दिसत नाही."

तारखा होत्या, बेटांची नावं होती, उतरवलेल्या सैनिकांचे आकडे होते. आणि मग ती ओळ. इमिलने ती शक्य तितक्या भराभर वाचली. "सैनिक उतरवून जहाज सुखरूप मागे घेतले. एक खलाशी जहाजावर परतला नाही."

"परतला नाही," बाई म्हणाल्या. "आम्हाला आलेल्या पत्रातही हेच होतं. आमच्या गावाने त्याचा काय अर्थ काढला, माहितीये? मी दुकानात गेले की बायका बोलायच्या थांबतात. प्रुइटांचं पोरगं जीव घेऊन झाडीत पळालं म्हणे. तेवढ्यासाठी आलेय मी, नाहीतर तुमचे पूल बघून मला काय करायचंय? दोर टाकून पळाला का रे तो?"

अकरा वर्षं इमिल समजून चालला होता, की आपण गप्प बसलो त्याचा त्रास फक्त आपल्यालाच.

"नाही, मिसेस प्रुइट. तो पळाला नाही." एवढ्यावर भागेल असं त्याला वाटलं.

"कशावरून? तू तर मागे होतास."

आता वाटच उरली नाही.

"कारण घंटा झालीच नव्हती," इमिल म्हणाला. "शेजारी तोफगोळा पडला आणि मी घाबरलो. घंटेच्या आधीच यंत्र सुरू केलं. कप्तानाला वाटलं, घंटा दुय्यम अधिकाऱ्याने दिली. त्याला वाटलं, कप्तानाने. मी तोंड उघडलं नाही. पुढच्या शिडीवरच्या पोराने पाहिलं होतं, डेल्मर दोर धरून गळ्यापर्यंत पाण्यात आमच्या मागे आला होता. मग दोरच पुरला नाही, हातातून सुटला आणि तो पाण्याखाली गेला. त्या पोराने मला सांगितलं, आणि त्याच आठवड्यात तोही गेला."

बाईंनी पर्समधून पेन्सिल काढली.

"लिही. या कागदाच्या मागे. खाली सही कर."

त्याने लिहिलं. त्यांनी ओठ हलवत दोनदा वाचलं, नीट घडी घातली.

"डेल्मरच्या बापाने त्याचा फोटो भिंतीवरून काढून खोक्यात टाकला होता," त्या म्हणाल्या. "मला परत लावू दिला नाही. तुझं नाताळचं कार्ड त्यानेच उघडलं. मार्चमध्ये गेला."

इमिलला काही बोलायचं होतं. त्यांनी हात वर केला.

"कार्ड मात्र दर वर्षी पाठवलंस हो."

डबा उचलून त्या पार पुढच्या बाकावर, बोटीच्या नाकाशी, जाऊन बसल्या. फेरी संपायला अजून दीड तास होता, आणि मध्ये कुठे उतरायची सोय नव्हती.