दोन फेरे, हँडल वर

ताडपत्री ओढली तसा धुळीचा पडदा उठला आणि खिडकीतून आलेल्या उन्हात तरंगत राहिला. भाची थांबली. धूळ खाली बसू लागली तशी तिच्यातून गाडी हळूहळू दिसायला लागली. बुटकी, लांब नाकाची, दोनच माणसांची, वर कापडी टप. एके काळी लालभडक होती, आता जुन्या विटेच्या रंगाची झाली होती. चारही टायर बसल्यामुळे ती पोटावर झोपल्यासारखी दिसत होती. मोठ्याने बोललं तर कूस बदलेल, असं वाटत होतं.

“ही माझी सवत,” मामी दारातूनच म्हणाली. “काय ते तपास आणि मोकळं कर मला.”

मामी हे वर्षानुवर्षं म्हणत आली होती. मामा होता तेव्हा त्याची रविवार सकाळ गाडीपाशी जायची आणि तिची शिवणयंत्रापाशी. मामाला जाऊन अकरा वर्षं झाली होती. आता मामी लेकीकडे राहायला निघाली होती, घर विकलं होतं आणि शुक्रवारपर्यंत शेड रिकामी करून द्यायची होती. कोपऱ्यावर पत्र्याचं काम करणारे ठोककाका गाडी आपल्या वर्कशॉपमध्ये न्यायला तयार होते, पण ती दुरुस्त होण्याजोगी असेल तरच. नसेल तर भंगारवाला येऊन ती जागच्या जागी कापणार होता. यातलं काय करायचं, ते मामीने भाचीवर सोपवलं होतं. भाची धातुशास्त्र शिकलेली, शिवाय लहानपणापासून दिसेल त्या गोष्टीला पट्टी लावणारी. मामाने तिचं नावच मोजपट्टी पाडलं होतं. मला बरं वाटावं म्हणून काही सांगू नकोस, जे असेल ते सांग, असं मामीने फोनवर बजावलं होतं.

अडचण अशी होती, की मोजपट्टीला स्वतःलाच चांगलं काहीतरी सापडायला हवं होतं. नऊ वर्षांची असताना ती एकदाच या गाडीत बसली होती. सीट इतकी खाली, की हात लांब केला तर रस्त्याला लागेल. वर टप नव्हता. झाडांच्या सावल्या एकामागून एक तिच्या गुडघ्यांवरून सरकत होत्या आणि ती त्या मोजत होती. दोनशेच्या पुढे कुठेतरी आकडा हातातून सुटला. आयुष्यात पहिल्यांदाच, आकडा सुटल्याचं तिला काही वाटलं नाही. मामाने फक्त गाडी अजून थोडी हळू केली होती.

म्हणूनच तिने आधी वाईट शोधायचं ठरवलं.

रुमालात गुंडाळलेलं चुंबक तिने पत्र्यावरून फिरवत नेलं. चुंबकाने दार धरलं, बॉनेट धरलं, डाव्या मडगार्डवर मात्र चुंबक सुटून तिच्या हातात आलं. तिथे पत्रा खाली कुठेतरी होता, वर नुसती पुट्टी. कधी ठोकली होती, असं तिने विचारलं. मामी म्हणाली, ठोकली नव्हती. गाडी जागेवर उभी असताना फाटकच येऊन आदळलं होतं, निदान मामाने तरी तसंच सांगितलं होतं.

तेवढ्यात ठोककाका आले. त्यांनी चुंबकाकडे कौतुकाने पाहिलं, जॅक लावून गाडी उचलली, दोन्ही बाजूंना ठोकळे दिले आणि पोतं अंथरून खाली शिरले. भाचीही शिरली. खाली वेगळंच जग होतं, गार आणि तपकिरी, जुन्या तेलाच्या वासाचं. ठोककाका डोळे मिटून हातोडीने हलकेच ठोकत पुढे सरकत होते. गाडीत बसणाऱ्याच्या पायाखालच्या पत्र्यात तिचा स्क्रूड्रायव्हर बिस्किटात शिरावा तसा शिरला. काका म्हणाले, त्याचं काही नाही, तो पत्रा म्हणजे अंगावरचे कपडे, नवे शिवता येतात. शिवणं किती सोपं असतं ते शिवणाऱ्याला विचारा, असा दारातून आवाज आला.

खरी हाडं म्हणजे चेसिसच्या दोन लांब पट्ट्या. टण्, टण्, टण् करत हातोडी मागे गेली आणि चालवणाऱ्याच्या सीटमागे एकदम धप् वाजली. तिथे गंज असला तर सगळं संपलं. भाचीने नखाने खरवडलं, मग स्क्रूड्रायव्हरने. मातीचं सुकलेलं ढेकूळ निघालं, कुठल्यातरी गांधीलमाशीचं सोडून दिलेलं घर. काकांनी पुन्हा ठोकलं. टण्.

बाहेर आल्यावर काकांनी हात पुसत स्पष्टच सांगितलं. हाडं शाबूत आहेत, पण अकरा वर्षं उभं असलेलं इंजिन जाम झालेलंच असणार. या इंजिनाचे भाग आता कुठे मिळत नाहीत. जाम असेल तर मी नेणार नाही, नुसतं शोपीस कशाला सांभाळायचं? मामीने मान हलवली आणि ताडपत्रीची घडी घालायला घेतली.

इंजिन हाताने फिरवायचं लांब हँडल भिंतीवर खिळ्याला टांगलेलं होतं. भाचीने ते समोरच्या भोकात बसवलं, पाय रोवले आणि सगळा जोर लावला.

हँडल फिरलं. इतक्या अलगद, की तिचा तोल गेला. आत कुठेतरी कुणीतरी झोपेत सुस्कारा टाकावा तसा आवाज झाला. काकांचं पुसणं थांबलं.

मग तिला दिसलं ते असं. सगळ्या शेडवर बोटभर धूळ होती, हँडलवर मात्र नव्हती. आणि भोकाच्या बरोबर वर, पत्र्यावर, एक बारीक निळी रेघ होती. शिंप्याच्या खडूची. एकीवर एक अशा कितीतरी वेळा ओढलेली. तिने वळून पाहिलं. मामी ताडपत्रीची तीच घडी तिसऱ्यांदा घालत होती.

विचारल्यावर मामीने सांगितलं, तेही भिंतीकडे बघत. मामाने दवाखान्यात सांगितलं होतं, दर महिन्याला दोन फेरे दे. पहिल्या रविवारी ती देत आली होती, एकही न चुकवता. सवतीची सेवा करते हे कुणाला सांगायचं? आणि फेरे देऊन झाले की हँडल नेमकं वर आणून थांबायचं, मगच काढून टांगायचं, शिवणयंत्रावर काम संपलं की सुई वर ठेवतात तसं. वेडंवाकडं राहिलेलं तिला बघवत नसे. म्हणून ती रेघ.

भाचीने स्पार्क प्लग काढले आणि बारीक नळीचा कॅमेरा एकेका सिलिंडरमध्ये सोडला. पहिला स्वच्छ, दुसरा स्वच्छ. चौथाही. तिसऱ्याच्या भिंतीवर मात्र गंजाचे खड्डे पडले होते. दोन फेऱ्यांत इंजिनाचं एक चक्र पुरं होतं आणि सगळं जिथल्या तिथे परत येतं. हँडल वर थांबलं, की तिसऱ्याचा हवा आत घेणारा व्हॉल्व्ह उघडा राहत होता. एकशे बत्तीस महिने तीच खिडकी उघडी, तीच दमट हवा आत. हँडल दर वेळी वेगळीकडे थांबलं असतं, तर कदाचित काहीच झालं नसतं.

“काय आहे?” मामीने विचारलं.

खोटं बोलणं फार सोपं होतं. दमट जागा, जुनं इंजिन, एवढ्यावर भागलं असतं. पण जे असेल ते सांग, असं मामीनेच बजावलं होतं. भाचीने कॅमेऱ्याचा पडदा तिच्यासमोर धरला आणि व्हॉल्व्ह, हँडल, रेघ, सगळं समजावून सांगितलं.

मामीने पडद्यावरच्या एका तपकिरी ठिपक्यावर बोट ठेवलं. “म्हणजे माझ्यामुळे.”

“तिसरा तुझ्यामुळे,” भाची म्हणाली. “आणि बाकीचे तीन वाचले तेही तुझ्यामुळेच. फिरवलं नसतंस तर आज चारही जाम मिळाले असते. तिसऱ्यात लेथवर कातलेली नवी नळी आतून बसवता येते. मामी, ही गाडी उभी राहील.”

काका गाडी बाहेर काढायला शेडच्या दाराची रुंदी वितीने मापायला लागले. मोजपट्टी समोर उभी असताना.

“दोन फेरे दे म्हणाला,” मामी म्हणाली. “कुठे थांबायचं ते नाही सांगितलं. आयुष्यभर अर्धंच बोलायचा.” मग तिने हँडल धरलं. “कुठे थांबायचं असतं?”

कुठेही, फक्त दर वेळी वेगळीकडे, भाचीने सांगितलं. मामीने फेरा दिला. हात आपोआप रेघेपाशी आला आणि थांबला. तिने दात आवळले आणि हँडल अजून वीतभर पुढे ढकललं. ते तिरकंच राहिलं. वाकड्या शिवणीकडे बघावं तसं ती त्याच्याकडे बघत होती, पण सरळ करायला हात पुढे गेला नाही.

अंगठ्याने तिने रेघ पुसून पाहिली. रेघ निघेना, इतक्या वर्षांत ती रंगात मुरली होती. काका म्हणाले, घासायची गरज नाही, नवा रंग चढवताना आपोआप जाईल.

“तेवढी जागा सोडून रंग द्या,” मामी म्हणाली, आणि ताडपत्रीची घडी काखेत मारून घरात गेली.