डब्यावरचा बिबट्या

“साक्षे, तुला खरं वाटायचं न्हाई. कुणालाच वाटायचं न्हाई. पण आपल्या डब्यावर बिबट्या बसलाय!”

लेकीचा फोन उचलताच सोपानआबांनी पहिला बार उडवला.

डबा म्हणजे सर्व्हर. पारगावच्या वस्तीवर, मधल्या खोलीत, धान्याच्या कोठीशेजारी साक्षीनं तो बसवून दिला होता. ती गुवाहाटीला, पाणथळ जागेतल्या पक्ष्यांचे फोटो काढायच्या नोकरीवर. फोटो असे जड की लॅपटॉपात मावेनात. म्हणून ती ते तिथून थेट घरच्या डब्यात पाठवायची. फाइली येऊ लागल्या की हिरवा दिवा लुकलुके, आणि आबा स्टूल ओढून समोर बसत. पोरगी आज लई हिंडली, आज कंटाळली, हे ते दिव्यावरनं ओळखत. बायको अंजनाबाई गेल्यापासनं त्या घरात दुसरं काही हलत नव्हतं.

पण दिवा काही बोलत नाही. फाइली बिनबोभाट पोचल्या की साक्षीचा फोन येत नसे. अडकल्या की यायचा. “राउटरचा लाल दिवा लागलाय का? वायर काढून परत खोचा बरं,” असं करत करत बोलणं वांग्याच्या भाजीवर, मग शेजारच्या रामनाथच्या मारक्या म्हशीवर जाई. दिवाळीपासून डबा जरा जास्तच अडकत होता. कधी आत मुंगळ्यांनी संसार थाटलेला, कधी घुशीनं वायर माहेरी नेलेली. हे सगळं अर्थात आबांच्या तोंडून.

एका अशाच फोनवर साक्षीनं समजावलं होतं, “आबा, माझ्या स्क्रीनवर टाइम-आउट आलं, तर समजा घरात कुणीच नाही. हाका मारून मारून माणूस परत फिरलं. आणि रिफ्यूज्ड आलं, तर घरात माणूस आहे, पण दार आतून लावलंय.”

पहिलं आबांच्या ध्यानात पक्कं राहिलं. दुसरं ते विसरून गेले.

“बिबट्या? भर दुपारी?” साक्षीनं विचारलं.

“मग! डबा गरम असतो न्हवं? ऊब घेत पडलाय. मी म्हणलं, पावणं, उठा, पोरीच्या फाइली तुंबल्यात. तर माझ्याकडं बघून जांभई दिली, राव!”

“बिबटे उसात असतात आबा. आपल्या बाजूचा ऊस तर कारखान्याला गेला, तुम्हीच सांगितलंत.”

“म्हणून तर! घर मोडलं त्याचं. एकटा जीव, जाईल कुठं?”

पलीकडं हसू फुटायला हवं होतं. फुटलं नाही.

“आबा, मला हे फोटो आजच्या आज पाठवायचेत. असं सारखं अडकून नाही चालत. मी सगळं इंटरनेटवर, एका कंपनीच्या भाड्याच्या जागेत हलवते. डबा बंद करून कोठीमागं ठेवून द्या.”

आबांनी कोठीकडं पाहिलं. कोठीमागं अंजनाबाईंचं शिलाई मशीन होतं, चादर पांघरून. तिथं गेलेलं काही परत बाहेर आलं नव्हतं.

“थांब, थांब! उठला बघ! चालला! जाता जाता वायरीचे दोन तुकडे केले मेल्यानं, पण जोडतो मी. आत्ता जोडतो.”

त्यांनी फोन कानावरनं काढून समोर धरला. डब्याचं दार उघडायचं-लावायचं बटण फोनमध्येच होतं, तेही साक्षीनंच दाखवलेलं. बंद करा, दम खा, चालू करा. आबा मधल्या दमाला कधी कधी अख्खी दुपार लावत. आता मात्र अंगठा घाईघाईनं बटणाकडं निघाला.

“बटण दाबू नका आबा.”

अंगठा तिथंच थांबला.

“दोन तुकडे केले म्हणता वायरीचे?”

“आता... दोन म्हंजी दोनच!”

“मग टाइम-आउट यायला हवं होतं. मला मघापासनं रिफ्यूज्ड येतंय.” साक्षीचा आवाज जरा ओला झाला. “म्हणजे वायर धड आहे, घरात माणूस आहे आणि कडी आतून लावलीय. बिबट्याला कडी लावता येत नाही, आबा. तुम्ही लावलीय. मी फोन करावा म्हणून.”