फोटोखालची ओळ

बायको गेल्याचं कळलं तेव्हा मी शेतात कापूस वेचत होतो. ती जाफराबादला कॉलेजात मराठी शिकवायची. तिथल्या सरांचा फोन आला. "मॅडमची प्राणज्योत मालवली," ते म्हणाले.

"सर, सरळ सांगा."

मग त्यांनी सांगितलं, ती वर्गात अलंकार शिकवताना कोसळली आणि दवाखान्यात नेईपर्यंत वारली.

अलंकारांची उदाहरणं ती घरातच शोधायची. एकदा भाकरी थापताना तिनं विचारलं, "आपला कापूस कशासारखा हाय?"

"कापसासारखा."

ती हसली. "ह्याला अनन्वय म्हणतात. ज्याला दुसऱ्या कशाची उपमाच चालत न्हाई."

दहाव्याच्या आदल्या दिवशी तिची विद्यार्थिनी दीपमाला आली. चौकातल्या श्रद्धांजलीच्या फ्लेक्ससाठी मुलांनी ओळ लिहिली होती, 'ज्ञानाचा सागर आटला.'

"पोरी, तिनं सागर पाह्यलाच न्हाई," मी म्हणालो. "ह्या ओळीला तिनं मार्क दिले नसते."

दीपमाला रडता रडता हसली. "मंग तुम्हीच सांगा काका, मॅडम कशासारख्या होत्या?"

उत्तर मला ठाऊक होतं. त्यात तिचंच नाव दोनदा घ्यावं लागतं. आमच्यात बायकोचं नाव घेत नाहीत. मी तिला जन्मभर 'अर्पिताची आई' म्हणत आलो. तोंड उघडलं, पण नाव बाहेर आलं नाही.

मुलांनी फोटोखाली जागा सोडून फ्लेक्स लावला. ती ओळ अजून लिहायची राहिली आहे.